एमआरआयच्या फिल्मवर डावं उजवीकडे का दिसतं? आणि कॉम्प्युटरमध्ये बाजू खरंच उलटली तर ती कशी शोधायची?

मेंदूचा एमआरआय किंवा सिटीस्कॅन झाला की फिल्म, रिपोर्ट आणि सीडी अशी पिशवी घरी येते. फिल्म खिडकीसमोर धरली जाते आणि घरातला प्रत्येक जण डॉक्टर होतो. समजा, आजोबांच्या अंगावरून वारं गेलंय, उजवा हात आणि पाय उचलत नाही. कॉलेजला जाणारा नातू सांगतो की मेंदूची डावी बाजू उजवं अंग चालवते, म्हणजे बिघाड डावीकडे असणार. फिल्मवर मात्र डाग उजवीकडे दिसतोय. लगेच चर्चा सुरू होते. कुणी म्हणतं स्कॅन चुकला, कुणी म्हणतं दुसऱ्याच पेशंटचा रिपोर्ट दिला, पैसे पाण्यात गेले.

बहुतेक वेळा यात काहीही चुकलेलं नसतं. नातू बरोबर असतो आणि फिल्मही बरोबर असते. पण काही वेळा बाजू खरोखर उलटते. स्कॅन सेंटरमध्ये असं क्वचित घडतं. ती प्रतिमा पुढे दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये गेल्यावर याची शक्यता वाढते. या दोन गोष्टींतला फरक रुग्णाच्या नातेवाईकांनाही कळायला हवा आणि अशा प्रतिमांवर काम करणाऱ्या टेक्निशियन, विद्यार्थी मंडळींनाही.

डॉक्टर पायाकडून बघतात

स्कॅनच्या टेबलावर माणूस पाठीवर झोपलेला असतो. त्याच्या पायाशी उभं राहून डोक्याकडे बघा. त्याचा उजवा हात तुमच्या डाव्या बाजूला येतो. मेंदूचे आडवे काप जगभरचे रेडिओलॉजिस्ट असेच बघतात, जणू पायाकडून वर पाहिल्यासारखे. म्हणून फिल्मच्या उजव्या अंगाला दिसणारा डाग रुग्णाच्या डाव्या मेंदूत असतो. याला रेडिओलॉजिकल पद्धत म्हणतात.

दुसरी पद्धत आहे न्यूरोलॉजिकल. तिच्यात डोक्याच्या बाजूने पाहिल्यासारखं चित्र असतं, त्यामुळे रुग्णाचं डावं चित्रातही डावीकडे येतं. मेंदूवर संशोधन करणाऱ्यांत ही पद्धत बरीच चालते. औत हाकणारा बैलजोडी मागून बघतो, त्याला उजवा बैल उजवीकडेच दिसतो. समोरच्या बांधावर उभा असलेल्याला तोच बैल डावीकडे दिसतो. बैलांची अदलाबदल कुणी केलेली नसते, बघणारा कुठे उभा आहे एवढाच फरक. दोन्ही पद्धती बरोबर आहेत, फक्त समोरच्या चित्रात कोणती वापरली आहे हे ठाऊक पाहिजे.

ते सांगायला चित्राच्या कडेला इंग्रजी अक्षरं छापलेली असतात. 'आर' म्हणजे राइट आणि 'एल' म्हणजे लेफ्ट, आणि ते रुग्णाचं, बघणाऱ्याचं नव्हे. 'ए' आणि 'पी' म्हणजे पुढची आणि मागची बाजू. 'एच' आणि 'एफ' दिसले तर डोक्याकडची आणि पायाकडची. चित्र नंतर बघा, आधी ही अक्षरं शोधा.

फिल्म पारदर्शक असते, त्यामुळे ती मागच्या बाजूने धरली तरी मेंदू मेंदूसारखाच दिसतो. पण कोपऱ्यातलं रुग्णाचं नाव आणि आकडे उलटे दिसतात, आरशातल्यासारखे. नाव सरळ वाचता येत नसेल तर फिल्म उलटी धरली आहे, एवढं साधं आहे. व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या फोटोंचं मात्र अवघड होऊन बसतं. फोटो नीट दिसावा म्हणून लोक कडा कापून फक्त मेंदूचा गोल ठेवतात आणि अक्षरं कापली जातात. सेल्फी कॅमेऱ्याने फोटो काढला तर काही फोनमध्ये तो आरशासारखा उलटा सेव्ह होतो. असा कापलेला फोटो पाहून कुणीही, अगदी तज्ज्ञ डॉक्टरांनीही, बाजू खात्रीने सांगू नये. फोटो पाठवायचाच असेल तर चारही कोपरे दिसतील असा पाठवा.

इथे एक अपवाद सांगायला हवा, कारण त्यावरूनही गोंधळ होतो. डाव्या मेंदूने उजवं अंग चालवायचं हा नियम मोठ्या मेंदूचा आहे. मानेच्या वर मागच्या बाजूला असलेला लहान मेंदू, ज्याला अनुमस्तिष्क म्हणतात, तो आपल्याच बाजूच्या अंगाचा तोल सांभाळतो. त्यामुळे रिपोर्टमध्ये 'राइट सेरेबेलर' असं लिहिलेलं असेल आणि रुग्णाचा उजवाच हात थरथरत असेल, चालताना झोक उजवीकडेच जात असेल, तर रिपोर्ट जुळतोय.

मेंदूची अडचण ही की तो दोन्हीकडून सारखाच

पोटाचा स्कॅन उलटा झाला तर लगेच लक्षात येतं. यकृत उजवीकडे असतं, हृदयाचा कल डावीकडे असतो. तिथे चित्र आरशासारखं उलटलं तर शिकाऊ माणूसही थबकतो. मेंदूचे दोन अर्धे मात्र ढोबळमानाने जुळे भाऊ आहेत. बारकाईने पाहिलं तर बऱ्याच लोकांत पुढच्या बाजूला उजवा अर्धा आणि मागच्या बाजूला डावा अर्धा किंचित जास्त पुढे आलेला असतो. पण हे सगळ्यांत तसं नसतं, त्यामुळे एका माणसाच्या स्कॅनची बाजू त्यावरून ठरवता येत नाही. म्हणजे उलटलेला मेंदू नुसत्या डोळ्यांना सरळच वाटतो, आणि खरा धोका इथेच आहे.

आता सॉफ्टवेअरकडे वळू. हा भाग मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी, रेडिओलॉजी टेक्निशियन आणि विशेषतः इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला 'ब्रेन ट्यूमर डिटेक्शन'चा प्रोजेक्ट घेणाऱ्या पोरापोरींसाठी. दरवर्षी किती गट हा विषय घेतात ते गाइडना विचारा! बाकीच्यांनी वाचायला हरकत नाही, कारण यात गणितापेक्षा शेताच्या नकाशाचीच अक्कल जास्त लागते.

कॉम्प्युटरच्या दृष्टीने स्कॅन म्हणजे बारीक चौकोनी ठोकळ्यांची रास. या ठोकळ्यांना व्हॉक्सेल म्हणतात आणि प्रत्येकात एक आकडा असतो. नुसत्या आकड्यांवरून नाक कुठे आणि उजवा कान कुठे हे कॉम्प्युटरला कळत नाही. ते फाइलच्या सुरुवातीला असलेल्या माहितीत, म्हणजे हेडरमध्ये लिहिलेलं असतं. जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहितात ना, पूर्वेस अमक्याचं शेत, पश्चिमेस ओढा, तसंच हे. चतुःसीमा बरोबर असली की नकाशा कागदावर कसाही काढला तरी जमीन सापडते.

घोळ असा की चतुःसीमा लिहायच्या दोन रीती आहेत. स्कॅन मशीन ज्या स्वरूपात फाइल देतं त्याला डायकॉम म्हणतात. त्यात पहिला अक्ष रुग्णाच्या डावीकडे वाढतो, दुसरा पाठीकडे आणि तिसरा डोक्याकडे. संशोधनात वापरतात ते निफ्टी हे स्वरूप. तिथे पहिला अक्ष उजवीकडे वाढतो, दुसरा पुढे म्हणजे चेहऱ्याकडे आणि तिसरा डोक्याकडेच. पहिल्या दोघांची चिन्हं बरोबर उलटी आहेत. डायकॉममधून निफ्टीत जाताना ही चिन्हं बदलावी लागतात. डीसीएम-टू-एनआयआयएक्ससारखं चांगलं फुकट मिळणारं साधन हे काम नीट करतं. कुणीतरी घाईत लिहिलेला दहा ओळींचा प्रोग्राम करेलच याची खात्री नाही.

फिरवलेला नकाशा आणि उलटा ट्रेसिंग पेपर

चुकांचे दोन प्रकार आहेत आणि ते वेगळे ओळखता आले की निम्मं काम झालं. मोजणीचा नकाशा टेबलावर आडवा ठेवला, उलट्या दिशेने ठेवला, तरी शेजारी तेच राहतात. बघायला त्रास होतो एवढंच. पण तोच नकाशा ट्रेसिंग पेपरवर असेल आणि तो पालथा घातला, तर पूर्वेचा शेजारी पश्चिमेला जातो. मग कितीही फिरवा, तो मूळ जागी येत नाही.

स्कॅनचंही तसंच आहे. मेंदू आडवा पडलेला, नाक खाली, डोकं उलटं असं दिसलं की विद्यार्थी घाबरतो. खरं तर हा फिरवलेला नकाशा असतो आणि सहसा निरुपद्रवी असतो. पायथॉनमध्ये स्कॅन उघडून थेट चित्र काढलं की तो नव्वद अंशात वळलेला दिसतो, कारण चित्र काढणारं साधन पहिला अक्ष उभा धरतं. फाइल ठीक असते, हेडर वाचलं गेलेलं नसतं, एवढंच. याउलट पालथ्या ट्रेसिंग पेपरसारखी चूक झाली तर पडद्यावर सगळं सुरेख दिसतं, लाल अक्षरात एररही येत नाही. म्हणून विचित्र दिसणाऱ्या चित्रापेक्षा सुरेख दिसणाऱ्या चित्राकडे जास्त संशयाने बघावं, असं मला वाटतं.

मग तपास कुठून सुरू करायचा? सगळ्यात आधी, फाइलला हात लावायचा नाही. मूळ प्रत बाजूला ठेवा. तीच फाइल दोन वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. एफएसएलसोबत येणारं एफएसएल-आइज हे दर्शक साधारणपणे रेडिओलॉजिकल पद्धतीने दाखवतं आणि एसपीएम न्यूरोलॉजिकल पद्धतीने. म्हणजे एकच निर्दोष फाइल या दोघांत आरशासारखी उलटी दिसणारच. इथेच बरेच जण 'सॉफ्टवेअरने उलटवलं' म्हणून फाइल दुरुस्त करायला घेतात आणि चांगली फाइल बिघडवतात.

चित्रांची तुलना करू नका, जागेची करा. कर्सर गाठीवर किंवा डागावर ठेवा आणि मिलिमीटरमधला पहिला आकडा वाचा. निफ्टीच्या रीतीत तो आकडा मेंदूच्या मधल्या रेषेवरच्या आकड्यापेक्षा जास्त असेल तर रुग्णाची उजवी बाजू, कमी असेल तर डावी. व्हॉक्सेलचा क्रमांक वाचू नका, तो फक्त राशीतला नंबर आहे. दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये मिलिमीटरचा आकडा सारखा आला तर दोघांचं फाइलबद्दल एकमत आहे, फरक फक्त दाखवण्याचा आहे. आकडे वेगळे आले तर पुढे खोदायचं.

खोदताना पहिली जागा म्हणजे हेडरच. निफ्टीच्या हेडरमध्ये चतुःसीमा एकदा नाही, दोनदा लिहायची सोय आहे. एकीला क्यूफॉर्म म्हणतात, दुसरीला एसफॉर्म. प्रत्येकीसोबत एक कोड असतो. शून्य म्हणजे माहिती भरवशाची नाही, १ म्हणजे स्कॅन मशीनच्या हिशेबाने, २ म्हणजे दुसऱ्या एखाद्या प्रतिमेशी जुळवलेली, ३ आणि ४ म्हणजे ठरावीक प्रमाण मेंदूच्या नकाशांच्या हिशेबाने. आधीच्या एखाद्या टप्प्यात एक बदलली आणि दुसरी तशीच राहिली, तर एक सॉफ्टवेअर पहिली वाचतं, दुसरं दुसरी, आणि भांडण लागतं. सातबाऱ्यावर एक क्षेत्र आणि नकाशावर दुसरं असलं की जे होतं तेच.

दुसरी गोष्ट, हेडर आणि आकड्यांची रास ही जोडी आहे. एफएसएलमध्ये फाइलची साठवण कोणत्या क्रमाची आहे हे विचारता येतं. उत्तर 'रेडिओलॉजिकल' किंवा 'न्यूरोलॉजिकल' असं येतं. यातलं एक बरोबर आणि एक चूक असं नसतं, ती फक्त ठोकळे रचण्याची रीत आहे. पण उत्तर पाहून काही जण हेडरमधली बाजू बदलण्याची आज्ञा देतात. तसं केलं की आकडे जागच्या जागी राहतात, पाट्या बदलतात आणि डावा मेंदू कागदोपत्री उजवा होतो. उलट बाजूने, नुसते आकडे पलटले आणि पाट्या तशाच ठेवल्या, तरी परिणाम तोच. एकाला हात लावला तर दुसऱ्यालाही लावावा लागतो. चित्र फक्त उभं, सरळ बघायचं असेल तर एफएसएलमधली 'रीओरिएंट टू स्टँडर्ड' ही आज्ञा वापरावी. ती नव्वदच्या पटीतच फिरवते आणि पाट्याही सोबत नेते. मात्र पाट्या मुळातच चुकलेल्या असतील तर ती त्या सुधारत नाही.

जुन्या डेटासाठी वेगळा इशारा. निफ्टीच्या आधी मेयो क्लिनिकमध्ये तयार झालेलं अॅनालाइझ नावाचं स्वरूप चालायचं. एका स्कॅनच्या दोन फाइली असायच्या, एकीत हेडर आणि दुसरीत चित्र. त्यात डावं-उजवं भरवशाने लिहिलेलं नसायचं, प्रत्येक प्रयोगशाळा आपापल्या समजुतीने वाचायची. अशी फाइल हाती आली तर अंदाजाने दुरुस्त करू नये. मूळ डायकॉम शोधावा. तो मिळाला नाही तर त्या फाइलवरून बाजूबद्दल कोणताही निष्कर्ष काढू नये.

इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टमध्ये दुखणं याहून साधं असतं. इंटरनेटवरून जेपीजी किंवा पीएनजी चित्रं उतरवतात. त्यात हेडरच नसतं, म्हणजे चतुःसीमाच नाही. कुठली चित्रं रेडिओलॉजिकल आणि कुठली न्यूरोलॉजिकल हे कळायला मार्ग नसतो. अशा चित्रांवर शिकवलेल्या मॉडेलने 'गाठ आहे' असं सांगितलं तर ठीक, पण 'डावीकडे आहे' असं सांगायला लावू नये. त्यातच चित्रांची संख्या वाढवायला ती आडवी पलटवून पुन्हा वापरायची सवय असते. गाठ आहे की नाही एवढंच शिकवायचं असेल तर ते चालतं. बाजू शिकवायची असेल तर चित्रासोबत लेबलही पलटावं लागतं, आणि तेच विसरलं जातं.

ज्यांना खरी त्रिमितीय माहिती हवी, त्यांनी ब्रॅट्ससारखा तयार संच घ्यावा. त्यातले स्कॅन एकाच साच्यात बसवलेले असतात, २४० गुणिले २४० गुणिले १५५ ठोकळ्यांचे. तरीही मॉडेलने काढलेला गाठीचा मुखवटा सेव्ह करताना मूळ स्कॅनचं हेडर सोबत लिहायचं. ते न लिहिता कोरं हेडर दिलं की मुखवटा दुसरीकडेच जाऊन बसतो. सिंपल-आयटीकेसारखं साधन अक्षांचा क्रमही उलटा देतं, आधी डोके-पाय, मग पुढे-मागे, मग डावे-उजवे. दोन साधनं एका प्रोग्राममध्ये मिसळली की हा फरक चटका देतो. मुखवटा जुळत नसेल तर आकडे हाताने पलटवत बसू नका. दोन्ही फाइलींचा आकार आणि हेडरमधलं चार गुणिले चारचं कोष्टक शेजारी ठेवून वाचा, फरक तिथेच दिसतो. डिफ्युजन स्कॅनवर काम करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की सोबतच्या दिशांच्या तक्त्यालाही हेच लागू आहे, नाहीतर मज्जातंतूंच्या वाटा भलतीकडे जातात.

जुळलं म्हणजे बरोबर आहे असं नव्हे

स्कॅन प्रमाण मेंदूवर बसवण्याच्या क्रियेला रजिस्ट्रेशन म्हणतात. मेंदू नव्वद अंशात फिरलेला असेल तर ही क्रिया सहसा फसते आणि आपल्याला कळतं. पण डावं-उजवं उलटलेला मेंदू, दोन्ही अर्धे सारखे असल्यामुळे, आरामात बसतो. म्हणजे 'रजिस्ट्रेशन छान झालं' हा बाजू बरोबर असल्याचा पुरावा नाही.

ही शंका काल्पनिक नाही. एएफएनआय हे सॉफ्टवेअर चालवणाऱ्या अमेरिकेतल्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात दाखवलं की जगभर वापरल्या जाणाऱ्या खुल्या डेटासंचांतही डावं-उजवं उलटलेले स्कॅन होते. त्यांची तपासणीची युक्ती सोपी आहे. एकाच माणसाचे दोन प्रकारचे स्कॅन घ्यायचे, एक आहे तसा ठेवायचा आणि एकदा आरशासारखा उलटवून बघायचा. उलटवल्यावर दोन्ही जास्त घट्ट जुळले, तर दोघांपैकी एक आधीच उलटा आहे. माणसाच्या मेंदूच्या वळ्या दोन्हीकडे अगदी एकसारख्या नसतात, त्याचा फायदा इथे होतो. मात्र दोघांपैकी उलटा कोणता हे ही युक्ती सांगत नाही.

ते सांगायला माणसाच्या अंगावरचीच खूण लागते. काही केंद्रांत स्कॅनच्या आधी उजव्या कानशिलावर व्हिटॅमिन ई किंवा माशाच्या तेलाची गोळी चिकटवतात. तेल एमआरआयच्या टी-वन चित्रात पांढरं चमकतं. पुढे फाइल कितीही हातांतून गेली तरी तो ठिपका जिकडे, ती उजवी बाजू. काही रुपयांची गोळी, पण लाखांच्या सॉफ्टवेअरपेक्षा भरवशाची. कारण मशीनवर रुग्णाची स्थिती टेक्निशियनने निवडायची असते. डोकं आधी की पाय आधी, पाठीवर की पोटावर. ती नोंदच चुकली तर पुढची सगळी सॉफ्टवेअर ती चूक इमानदारीने वाहून नेतात.

रुग्णाच्या दृष्टीने

चुकीच्या बाजूची शस्त्रक्रिया ही दुर्मिळ पण खरी गोष्ट आहे. अमेरिकेतल्या रोड आयलंड हॉस्पिटलमध्ये २००७ या एकाच वर्षात डोक्याच्या चुकीच्या बाजूला शस्त्रक्रिया सुरू झाल्याचे तीन प्रकार घडले आणि राज्याच्या आरोग्य खात्याने ५० हजार डॉलर दंड केला. याचा दोष सॉफ्टवेअरवर टाकता येत नाही. बाजूची खातरजमा करण्याची पद्धतच तिथे ढिली पडली होती. पण प्रतिमेची बाजू आणि माणसाची बाजू यांची गाठ कुठेतरी नीट घालावी लागते, हे त्यातून दिसतं. जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेची तपासणी यादी यासाठीच आहे. भूल देण्याआधी रुग्णाकडून नाव, जागा आणि शस्त्रक्रिया पक्की करून घ्यायची, जागेवर खूण आहे का बघायचं आणि चिरा देण्याआधी गरजेचे स्कॅन समोर लावलेत का हे विचारायचं, असं तिच्यात लिहिलेलं आहे.

त्यामुळे ऑपरेशनच्या आधी 'डॉक्टरसाहेब, कोणत्या बाजूचं करणार?' असं विचारायला लाजू नका. रिपोर्टमध्ये लेफ्ट-राइट शब्दांत लिहिलेलं असतं आणि ते रुग्णाच्या बाजूने असतं. रिपोर्टमधली बाजू आणि रुग्णाचा त्रास जुळत नाही असं वाटलं, तर घरात कुजबुज करण्यापेक्षा आधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना दाखवा. त्यांना शंका वाटली तर रेडिओलॉजिस्ट स्कॅन पुन्हा बघून पुरवणी रिपोर्ट देऊ शकतात.

आणि सीडीचं. तालुक्याला स्कॅन करून जिल्ह्याला किंवा पुण्या-मुंबईला दाखवायचं असेल तर फिल्मपेक्षा सीडी जास्त कामाची, पण तिच्यात डायकॉम फाइली असतील तरच. सेंटरवर 'डायकॉममध्ये द्या' असं स्पष्ट सांगा. सीडी कॉपी करताना ओळखीची वाटतात म्हणून फक्त जेपीजी चित्रं उचलू नका, आख्खं फोल्डर घ्या. आता लॅपटॉपला सीडीचा कप्पाच नसतो, म्हणून पेनड्राइव्हवर मागितलं तरी चालतं. बरीच सेंटर देतात, काही थोडे जास्तीचे पैसे घेतात. घरी आल्यावर एकदा उघडून नाव आणि तारीख तुमच्याच रुग्णाची आहे ना, एवढं बघून घ्या आणि गाडीत बसा.